विषारी जमिनीवर रान उगवतं तेव्हा नेमकं काय होतं?

आईचा पहिला प्रश्न होता, "इथं भंगारवाला कसा नाही आला रे अजून?"

आम्ही जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहरात, बंद पडलेल्या एका लोखंडाच्या कारखान्याच्या आवारात उभे होतो. समोर झोतभट्ट्या, गंजून तांबड्या पडलेल्या नळ्यांचं जाळं, उंच धुराडी. आणि या सगळ्याच्या अंगाखांद्यावर झाडं. भिंतीच्या फटीतून, रुळांच्या मधून, कोळशाच्या चुऱ्यातून, जिथं म्हणून बोट शिरेल तिथून काहीतरी हिरवं बाहेर आलेलं. माझी बहीण ड्यूसेलडॉर्फला राहते. तिच्याकडून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांत डुइसबुर्गला पोचता येतं. आईचं अर्धं आयुष्य लालबागमध्ये गेलं, बाबा गिरणीत बदली कामगार होते. त्यामुळे धुराडं आणि भोंगा तिला नवे नाहीत. धुराड्याखाली चादर अंथरून लोक डबा खातायत आणि बंद भट्टीच्या जिन्यावरून पोरं वर चढतायत, हे मात्र नवीन होतं.

दुसरा प्रश्न तिने थोड्या वेळाने विचारला. "ऐंशी वर्षं इथं लोखंड वितळवलं म्हणतोस. मग जमिनीत विष नसेल? आणि असेल तर झाडं कशी जगली?"

या प्रश्नाला मी तिथं उभ्या उभ्या जे उत्तर दिलं ते चुकीचं होतं. ("निसर्ग सगळं साफ करतो गं," असं काहीतरी.) घरी येऊन वाचत गेलो तेव्हा कळलं की निसर्गाने तिथं फारसं काही साफ केलेलं नाही, आणि तरीही ती जागा जिवंत आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते इथं सांगतो. विषय आपल्यापासून लांबचा नाही. २०२५च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा तब्बल चाळीस वर्षांनी हलवला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र नियम काढले. 'कारखान्याची खराब झालेली जमीन' ही गोष्ट आता पेपरात वरचेवर दिसणार आहे.

जमीन खराब होते म्हणजे काय होतं?

घरात दही सांडलं आणि पुसायचं राहिलं, तर चार दिवस वास येतो. मग ते वाळतं, कुजतं, संपतं. बांगडी फुटून काच कोपऱ्यात गेली, तर ती दहा वर्षांनीही तितक्याच जोमाने पायात घुसते.

कारखान्याच्या जमिनीत हे दोन्ही प्रकार असतात. डिझेल आणि हलकी तेलं दह्यासारखी. मातीतले जिवाणू ती हळूहळू खातात, फक्त हवा-पाणी मिळायला हवं. शिसं, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक यांना मात्र कोणीच खाऊन संपवू शकत नाही, कारण ती मूलद्रव्यं आहेत. त्यांचं रूप बदलेल, जागा बदलेल, पण शिसं ते शिसंच राहणार. यांना सोयीसाठी 'जड धातू' म्हणतात. कोळसा भाजून कोक करताना निघणारं डांबर आणि त्यातली रसायनं या दोहोंच्या मधली: कुजतात, पण पिढ्या लावतात.

डुइसबुर्गच्या त्या माइडरिश कारखान्यात पहिली भट्टी १९०३मध्ये पेटली आणि १९८५मध्ये शेवटची विझली. युरोपात गरजेपेक्षा जास्त पोलाद तयार होत होतं आणि कोणाला तरी बंद पडावंच लागणार होतं. मागे राहिलेल्या जमिनीत वरचे तिन्ही प्रकार होते.

विष, वाट आणि जीव

या क्षेत्रातले लोक एक साधा हिशेब करतात. धोका निर्माण व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विष, ते पोचायची वाट, आणि ज्याच्यापर्यंत पोचायचं तो जीव.

स्वयंपाकघरातला तिखटाचा डबा आठवा. झाकण घट्ट असेल तर तो वर्षानुवर्षं फळीवर असतो आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. तिखट तेच, माणसं तीच, फक्त वाट बंद आहे. पोराने झाकण उघडून पंखा लावला की घरभर शिंका.

जमीन 'सुरक्षित' करायची म्हणजे या तिघांपैकी एकाला खेळातून बाहेर काढायचं. विष उकरून दुसरीकडे नेता येतं, पण ते अतोनात खर्चिक असतं, आणि 'दुसरीकडे' म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी. म्हणून जगभरात बहुतेक ठिकाणी वाट बंद करतात.

डुइसबुर्गच्या जागेसाठी १९९१मध्ये स्पर्धा झाली आणि पेटर लाट्झ या रचनाकाराची योजना निवडली गेली. त्याने कारखाना पाडला नाही. पण लोहखनिजाची भुकटी भाजून तिची ढेकळं करायचा जो विभाग होता तो इतका विषारी होता की तेवढा पाडावा लागला. त्याचा राडारोडा ट्रकने शहराबाहेर गेला नाही. खनिज साठवायच्या जुन्या काँक्रीटच्या कोठ्या तिथंच होत्या. त्यांत तो भरला, वरून कोठ्या बंद केल्या आणि त्यांच्या डोक्यावर बाग केली. म्हणजे तिखटाच्या डब्यावर कुंडी ठेवली!

इतर ठिकाणी जमीन जशी होती तशी सोडली आणि माणसांची वाट आखली. चालायचं कुठून, बसायचं कुठं, कुठं कुंपण. पाण्याचंही तेच. या आवारातून एम्शर नदीचा जुना फाटा जातो. नदी कसली, शंभर वर्षं त्या भागाचं उघडं गटार होतं ते. खालच्या कोळसाखाणींमुळे जमीन सारखी खचायची, जमिनीखालचे पाइप फुटले असते, म्हणून मैला उघड्यावरूनच वाहायचा. लाट्झने तो मैला जमिनीखाली मोठ्या नळीत घातला आणि वरच्या पात्रात छपरांवरून गोळा केलेलं पावसाचं पाणी सोडलं. वरचं स्वच्छ पाणी खालच्या खराब मातीत मुरू नये म्हणून पात्राला तळाशी अस्तर. आईला वाटलं ती खरीच नदी आहे. मलाही वाटलं होतं.

(नंतर अख्खी एम्शर नदीच मैल्यापासून मोकळी केली. तीस वर्षं आणि साडेपाच अब्ज युरोंच्या आसपास खर्च लागला. २०२१च्या अखेरीस काम पुरं झालं. मिठीबद्दल मी इथं काही बोलत नाही.)

मग भोपाळलाही झाडं लावून मोकळं व्हायचं का?

नाही, आणि का नाही ते वरच्या हिशेबातूनच कळतं. भोपाळला वाट उघडी आहे. कारखान्याच्या आवारात आणि त्याच्या टाकाऊ पाण्याच्या तळ्यांत पडलेली रसायनं जमिनीत मुरली आणि भूजलात उतरली. आसपासच्या वस्त्यांतले लोक तेच पाणी हातपंपाने उपसून पीत होते. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाला तिथं नळाने स्वच्छ पाणी द्यायचे आदेश काढावे लागले. ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जूनअखेरपर्यंत जाळला, ही जमिनीच्या वरची गोष्ट झाली. खालची माती आणि पाणी जिथल्या तिथं आहे. अशा ठिकाणी वर कितीही हिरवळ केली तरी झाकण वरून लागतं आणि डबा बुडातून गळत राहतो.

त्यामुळे 'अमुक कारखान्याच्या जागी उद्यान होणार' अशी बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न झाडं किती, हा नसतो. खालच्या पाण्याचं काय केलं, हे मी आधी शोधतो.

झाडं विष शोषून घेतात ना?

काही घेतात. आपली मोहरी मातीतून शिशासारखे धातू ओढून घेते आणि तिच्यावर यासाठी बरेच प्रयोग झालेत. पण मोहरीने शिसं ओढलं म्हणजे शिसं आता मोहरीत आलं. ती कापून, जाळून, राख बंदोबस्तात ठेवावी लागते. तशीच सोडली तर पानं गळून सगळं पुन्हा मातीत. मुळं पोचतात तेवढ्याच खोलीपर्यंत काम होतं, आणि एका पिकात नाही तर अनेक वर्षांत होतं. झाडं म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, अशी जी चित्रं मोबाइलवर फिरतात, ती अर्धवट आहेत.

उलट विषारी जमिनीवर टिकणारी बरीचशी झाडं विष आत घेतच नाहीत, किंवा मुळातच अडकवून ठेवतात. जर्मनीतच आखेन शहराजवळ जस्ताच्या जुन्या खाणींच्या जमिनीवर पिवळ्या फुलांचा एक छोटा व्हायोलेट उगवतो. साध्या मातीत इतर झाडं त्याला उगवू देत नाहीत. जस्ताने भरलेल्या मातीत त्याला स्पर्धाच नाही. लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या मळीची आणखी एक गंमत आहे. तिच्यात चुना भरपूर असतो, आणि चुनखडीच्या मातीत बरेचसे जड धातू पाण्यात सहज विरघळत नाहीत. न विरघळलेला धातू मुळाला पिता येत नाही.

पण आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर विषात नाहीच. ते उपासमारीत आहे.

कास पठार आणि कोळशाचा चुरा

साताऱ्याजवळचं कास पठार आठवा. जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ, त्यावर जेमतेम काही इंच माती, पावसाळ्यात चिखल आणि दिवाळीनंतर तवा. शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, टाकाऊ जमीन. आणि त्या टाकाऊ जमिनीवर साडेआठशेच्या आसपास जातींची फुलझाडं आहेत. असं का? तर माती कसदार नाही म्हणून.

जमीन कसदार असली की दांडगं गवत आणि झुडपं भराभर वाढतात, ऊन अडवतात, आणि खालची नाजूक रोपं मरतात. पंगतीत वाढपी पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोन-चार भक्कम जेवणारेच सगळी जागा अडवून बसतात. वाढणंच कमी असेल तर दांडगा उठून जातो आणि थोडक्यात भागवणाऱ्यांना बसायला मिळतं. कासवर निळ्या रंगाची ती 'सीतेची आसवं' फुलतात ना, ती वनस्पती किडे खाते. ओल्या मातीत बारीक फुग्यांनी जीव पकडते, कारण मातीत तिला पुरेसं पोषणच नाही. गरिबीने शिकवलेली युक्ती आहे ती.

कारखान्याची पडीक जमीन म्हणजे माणसाने नकळत केलेला सडा. खडी, मळी, कोळशाचा चुरा, तुटकं काँक्रीट. माती नाही, नत्र नाही, पाणी टिकत नाही, उन्हात तापते. युरोपात शेतांना इतकं खत पडलंय की असा उपाशी जमिनीचा तुकडा खेड्यापाड्यांत मिळेनासा झालाय. तो सापडतो बंद कारखान्यांत. म्हणून डुइसबुर्गच्या त्या आवारात सातशेहून अधिक जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्यात. आसपासच्या गुळगुळीत हिरव्या शेतांत त्याच्या जवळपासही नाहीत.

याचा सगळ्यात टोकाचा नमुना इंग्लंडमध्ये आहे. थेम्सच्या मुखाजवळ कॅन्व्ही विक नावाची जागा. १९७०च्या दशकात तिथं तेलशुद्धीकरण कारखाना उभारायला घेतला, त्यासाठी नदीतून उपसलेली रेती आणि गाळ दलदलीवर पसरला, आणि मग तेलाच्या किमतींची उलथापालथ झाली. कारखाना सुरूच झाला नाही. उरलं काय, तर डांबराचे गोल चौथरे आणि वाळूचे ढीग. पोरं तिथं मोटरसायकली उडवायची. नंतर कीटकांचे अभ्यासक गेले तेव्हा त्यांना तिथं सुमारे चौदाशे जातींचे कीटक आणि इतर बारीक जीव सापडले. त्यात ब्रिटनमध्ये दुर्मिळ झालेली, मधमाशीच्या कुळातली एक रानमाशीही होती. २००५मध्ये त्या जागेला कायद्याचं संरक्षण मिळालं. खास कीटकांसाठी राखलेली तिथली ती पहिली औद्योगिक पडीक जागा. मोटरसायकलींनी उकरलेल्या उघड्या वाळूत माश्या बिळं करत होत्या, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पोरांनी कधी नव्हे ते काहीतरी उपयोगाचं केलं होतं.

बिया आल्या कुठून?

माइडरिशला लोहखनिज जगभरातून यायचं. जहाज, मग वाघिणी, मग कोठ्या. खनिजाबरोबर माती यायची आणि मातीत बिया. काही झाडं बागांतून निसटूनही आली. बंद कारखान्यांच्या आवारात म्हणून दक्षिण आफ्रिकेचं पिवळं फूल, चीनचं जांभळ्या तुऱ्यांचं फुलपाखरांचं झुडूप आणि उत्तर अमेरिकेची संध्याकाळी उमलणारी पिवळी फुलं शेजारी शेजारी दिसतात. शहरात काय काय कुठून आलं त्याची वहीच ती.

इथं कोणी म्हणेल, अहो, पण परदेशी झाड म्हणजे तण! आपण गाजरगवताने पोळलेले लोक आहोत. १९५०च्या दशकात ते पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं, अमेरिकेच्या गव्हातून आलं असं सांगतात, आणि लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' नाव देऊन राजकीय हिशेबही चुकता केला. आक्षेप बरोबर आहे. जर्मनीतही काही आगंतुक झाडं डोईजड झालीत. पण तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं असं की कोळशाच्या चुऱ्यावर 'मूळचं' रान असं काही कधी नव्हतंच. ती जमीनच नवी आहे. तिच्यावर कोण आधी राहत होतं हा प्रश्न विचारायला जागा नाही. त्यांनी या प्रकाराला 'औद्योगिक निसर्ग' असं वेगळं नाव दिलंय. मला हे म्हणणं निम्मं पटतं. कारखान्याच्या कुंपणाच्या आत ठीक. बी कुंपण ओलांडून शेजारच्या शेतात गेलं की हा युक्तिवाद संपला.

रान आहे, तर मेंढ्या कशाला?

बर्लिनमध्ये शोनेबेर्गर झुडगेलेंडे नावाची जागा आहे. रेल्वेचं मालगाड्या जोडायचं मोठं यार्ड. शहराची फाळणी झाली आणि १९५२मध्ये यार्ड बंद पडलं. ते होतं पश्चिम भागात, पण रेल्वेचा कारभार पूर्वेकडे. त्यामुळे चाळीस-एक वर्षं फारसं कोणी आत फिरकलं नाही. रुळांमधून गवत आलं, मग फुलं, मग झुडपं, मग झाडं. १९८०च्या सुमारास तिथं मालगाड्यांचं स्टेशन बांधायचा घाट घातला, लोकांनी विरोध केला, आणि २०००मध्ये त्या १८ हेक्टरांचं उद्यान झालं. एक तुकडा राखीव निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर आहे. त्यावरून जमिनीपासून थोड्या उंचीवर लोखंडी पूल नेलाय, कोणी पायाने तुडवू नये म्हणून.

आता खरी अडचण. असं रान 'जसं आहे तसं' राहतच नाही. पहिली झाडं पानं गाळतात, पानांची माती होते, माती कसदार होते, दांडगे येतात, आणि ज्या फुला-किड्यांसाठी जागा राखली ते सावलीत गुदमरतात. झुडगेलेंडेत १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत झाडोऱ्याखालचा भाग दुपटीच्या जवळ गेला. म्हणून तिथं काही तुकडे मुद्दाम मोकळे ठेवतात आणि मेंढ्या चारतात. कासलाही आपण हेच शिकलो. कुंपण घालून गुरं थांबवली, तर गवत माजून फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि कुंपण काढावं लागलं. संरक्षण म्हणजे कुंपण, हे समीकरण इथं चालत नाही.

आणि १९९४मध्येच, मुंबईत

डुइसबुर्गचं उद्यान लोकांना खुलं झालं १९९४मध्ये. त्याच वर्षी मुंबईत, धारावी बस डेपोसमोर, मिठीच्या काठाला माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं. ३७ एकर. ही कारखान्याची जागा नव्हती. शहराचा कचरा टाकायचा डेपो होता. १९८३मध्ये पक्षितज्ज्ञ सालीम अलींच्या हातून तिथं पहिलं रोप लागलं.

दोन्ही ठिकाणी वर्ष एक, पण रीत उलटी. जर्मन लोकांनी जमीन उपाशी ठेवली आणि जे येईल त्याला येऊ दिलं. माहीमला कचऱ्यावर माती आणि खत घालून माणसांनी हजारो रोपं लावली. का? कारण कचऱ्याचा डोंगर कारखान्याच्या खडीसारखा स्थिर नसतो. आत कुजणं चालू असतं, त्यातून मिथेन वायू निघतो, ढीग खचतो, पावसाचं पाणी आतून काळं होऊन बाहेर येतं. वर जाड मातीचं पांघरूण आणि त्याला धरून ठेवणारी मुळं हवीतच. शिवाय आपला पाऊस. चार महिन्यांत दोन मीटरच्या वर पडणारं पाणी उघड्या चुऱ्यावर सोडलं असतं तर सगळं मिठीत गेलं असतं. डुइसबुर्गची नक्कल मुंबईत करा, असं कोणी उत्साहाने म्हणालं तर हा फरक सांगावा.

आज तिथं गेलं तर खाली कचरा आहे यावर विश्वास बसत नाही. पावसाळ्यानंतर फुलपाखरं इतकी असतात की शाळेची सहल मोजण्याचा नाद सोडून देते.

"मुंबईत माणसाला जागा नाही, आणि तुम्ही रान करताय?"

हा आक्षेप मी घरीच ऐकलाय, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मुंबईच्या मध्यात सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१च्या नियमावलीत कलम ५८ होतं: गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१मध्ये त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढीची करायची. गिरणी म्हणजे शेडच शेड, तेव्हा वाटणीला उरलं थोडंसं. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. म्हणजे घरं विरुद्ध रान अशी लढतच झाली नाही. दोन्ही हरले आणि मॉल जिंकला.

डुइसबुर्गला बाग झाली याचं एक रोकडं कारण असं की कारखाने बंद पडल्यावर त्या भागातून लोक बाहेर जात होते आणि जमिनीला भाव नव्हता. लालबाग-परळला भाव होता. आईने हे एका वाक्यात उडवलं: "यांच्याकडे बिल्डर नसतील."

माहीमच्या उद्यानालाही ही धग लागलीच होती. धारावीच्या पुनर्विकासाच्या आराखड्यांत त्याचं नाव यायला लागलं तेव्हा लोक उच्च न्यायालयात गेले. उद्यान संरक्षित वन आहे आणि प्रकल्पात नाही, असं २०२३मध्ये न्यायालयाला सांगण्यात आलं.

कंपनी फुकटात सुटते का?

ही भीती मला सगळ्यात खरी वाटते. घाण करायची, बंद पडायचं, आणि वीस वर्षांनी फुलपाखरं आली की म्हणायचं, बघा, निसर्गाने माफ केलं! २०२५चे नियम यावर काहीतरी सांगतात. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर पाहणी. खर्च ज्याने दूषित केलं त्याच्याकडून वसूल करायचा, आणि तो सापडत नसेल किंवा त्याला झेपत नसेल तर केंद्र-राज्याने पाहायचं. खाणी, किरणोत्सारी कचरा आणि कचऱ्याचे डेपो या नियमांच्या बाहेर आहेत, त्यांचे कायदे वेगळे. म्हणजे जुनं माहीम यात बसलं नसतं.

मला यात अडतं ते झाकणापाशी. विष जागेवर ठेवून वाट बंद करायची, तर झाकण शाबूत आहे का हे कोणीतरी पन्नास वर्षं पाहिलं पाहिजे. विहिरीतलं पाणी तपासायचं, नोंदी ठेवायच्या, सातबारा बदलला तरी 'इथं खोदू नका' हे पुढच्या मालकाला कळायला हवं. आपल्याकडे गटाराचं झाकण पावसाळाभर जागेवर राहत नाही.

जाणार असाल तर

डुइसबुर्गला मुख्य स्टेशनवरून ९०३ नंबरची ट्राम घ्या. प्रवेश फुकट, फाटक चोवीस तास उघडं. पाच नंबरच्या भट्टीवर जिन्याने चढता येतं, सत्तर मीटर. गुडघे बरे असतील तरच. वायूच्या जुन्या टाकीत आता पाणी भरलंय आणि लोक त्यात पाणबुडे व्हायला शिकतात. माहीमला ऑक्टोबरच्या आसपास, सकाळी लवकर जा.

दोन्हीकडे नियम तेच, आणि आता त्यांची कारणं तुम्हाला माहीत आहेत. वाट सोडू नका, वाट म्हणजेच तिथलं झाकण आहे. मुलांना माती तोंडात घालू देऊ नका, डबा उघडायच्या आधी हात धुवा. फळं खाऊ नका.

शेवटचं मला आईला दोनदा सांगावं लागलं. एका खडीच्या ढिगावर काटेरी झुडपाला काळीभोर फळं लगडली होती, करवंदांसारखी. तिने हात पुढे केला, मी थांबवलं, तीन मिनिटं जड धातूंवर बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पर्समधून रुमाल काढला.

"खात नाही रे. बी नेते," म्हणाली.

विमानतळावर तेही चालत नाही, हे सांगायला मला ट्राममध्ये बसेपर्यंत धीर झाला नाही.